डोके बाजाराचे, दांडा आपला

कार्ल मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथाचा पहिला खंड १८६७ साली प्रसिद्ध झाला. श्रमविभागणी समजावून सांगताना त्यात त्याने हातोडीचा दाखला दिला आहे. एकट्या बर्मिंगहॅममध्ये हातोडीचे ५०० प्रकार बनतात, प्रत्येक प्रकार एका ठरावीक कामासाठी असतो आणि एकाच कामाच्या निरनिराळ्या टप्प्यांनाही निरनिराळ्या हातोड्या लागतात, असे त्याने नोंदवले आहे. आज आपल्याकडे नेमके उलटे चित्र दिसते. पुण्यात, नाशकात किंवा नागपुरात हार्डवेअरच्या दुकानात हातोडी मागितली की समोरून एकच प्रश्न येतो: किती ग्रॅमची? २००, ३०० किंवा ५०० असे उत्तर दिले की वस्तू हातात पडते. दांडा सगळ्यांचा सारखा, त्यावर चकचकीत वॉर्निश किंवा रबराची मूठ. ही हातोडी पत्र्यावर, दगडी भिंतीवर आणि सागाच्या चौकटीवर सारखीच चालेल असे दुकानदारही समजतो आणि घेणाराही. लाकूडकामापुरते तरी हे समजणे चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. लाकडावर काम करणाऱ्याला दुकानात हातोडीचा फक्त अर्धा भाग मिळतो. पोलादी डोके विकत घ्यावे, कारण ते घरी घडवता येत नाही. पण दांड्याची लांबी-जाडी, तोंडाची घडण आणि पटाशीवर मारायची मोगरी या गोष्टी वापरणाऱ्याच्या हातावरून आणि कामावरून ठरतात, आणि त्या त्यानेच घडवायच्या असतात. याकडे हौशी माणसाचा छंद म्हणून पाहिले जाते. खरे तर तो सुतारकामाचाच एक भाग आहे, आणि तो गाळला की पुढच्या प्रत्येक घावात त्याची किंमत मोजावी लागते.

आधी घाव म्हणजे काय ते पाहू, कारण निवडीचे सगळे नियम तिथूनच निघतात. हातोडीच्या डोक्यातली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अर्धा किलोचे डोके सेकंदाला ६ मीटर वेगाने आले तर त्यात ९ ज्यूल ऊर्जा असते. वजन दीडपट केले आणि वेग तोच राखला तर ती साडेतेरा होते. वजन तेच ठेवून वेग दीडपट केला तर वीसच्या पुढे जाते. म्हणून जड हातोडी म्हणजे जोरदार घाव हे समीकरण अर्धेच खरे आहे. जड डोक्याने हाताचा वेग मंदावतो आणि दुपारनंतर तर फारच मंदावतो. तरीही वजनाला एक वेगळे महत्त्व आहे. ज्यावर मारायचे त्याच्या वजनाशी डोक्याचे प्रमाण जुळावे लागते. अडीच इंची खिळा जेमतेम ४-५ ग्रॅम भरतो, त्यामुळे ५०० ग्रॅमच्या हातोडीची जवळजवळ सगळी ऊर्जा खिळा आत ढकलण्याच्या कामी येते. पटाशीचे तसे नाही. मुठीसकट एखादी पटाशी २५० ग्रॅम भरते. घावानंतर हातोडी आणि पटाशी एकत्र पुढे सरकतात असे धरले, तर २५० ग्रॅमच्या हातोडीची निम्मी ऊर्जा धडकेतच वाया जाते. ७५० ग्रॅमच्या मोगरीची फक्त पाव ऊर्जा जाते. खिळ्यांसाठी घेतलेली हलकी हातोडी पटाशीवर वापरली की घाव बोथट लागतो, मग माणूस जास्त जोर काढतो, आणि जोर काढताना नेम चुकतो. दुकानातल्या ‘किती ग्रॅमची’ या प्रश्नाचे उत्तर कशावर मारायचे हे ठरल्याशिवाय देताच येत नाही.

वजनाइतकाच धडकेच्या कालावधीचा प्रश्न आहे. पोलाद पोलादावर आदळते तेव्हा दोन्ही पृष्ठभाग फारसे दबत नाहीत. धडक क्षणार्धात संपते आणि त्या क्षणी जोर शिगेला पोचतो. खिळ्याला हेच हवे असते. लाकडावर लाकूड आदळले की दोन्हीकडचे तंतू किंचित दबतात, धडक लांबते, तेवढाच आवेग कमी जोराने पण जास्त वेळ पोचतो. पटाशीच्या लाकडी मुठीला हे मानवते. पोलादी तोंड लहान असते, त्यामुळे सगळा दाब मुठीच्या टोकावरच्या छोट्याशा जागेवर येतो, तंतू बाजूला फाकतात, मूठ कुंच्यासारखी होते आणि शेवटी उभी चिरते. रुंद तोंडाची मोगरी हा दाब पसरवते. हे ज्ञान फार जुने आहे. इजिप्तमध्ये देर अल-बहारीच्या परिसरात सापडलेल्या प्राचीन लाकडी मोगऱ्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. एकाच ओंडक्यातून डोके आणि मूठ काढलेल्या या मोगऱ्यांपैकी काहींची कंबर घाव घालून घालून खोल झिजली आहे. कामगार ती फिरवून फिरवून वापरत आणि झिजली की दुसरी करत. मोगरी झिजते म्हणून पटाशीची मूठ वाचते. त्यामुळे ती कायम टिकेल अशी वस्तू नसून हाताशी असलेल्या लाकडातून पुन्हा पुन्हा करायची वस्तू आहे, हे तिच्या स्वभावातच आहे.

युरोपातल्या सुताराची चौकोनी डोक्याची मोगरी बीचच्या लाकडाची असते. तिची रचना बारकाईने पाहिली तर तिच्यात किती विचार मुरला आहे ते कळते. डोक्याच्या दोन्ही मारत्या बाजू एकमेकींना समांतर नसतात, त्या खाली दांड्याकडे किंचित झुकलेल्या असतात. कारण हात कोपरातून वर्तुळात फिरतो, आणि बाजू अशा झुकल्या तरच त्या पटाशीच्या माथ्याला सपाट भिडतात. हा कोन हाताच्या लांबीवर अवलंबून असतो, म्हणून तो ज्याचा त्याने आखायचा. मारत्या बाजू लाकडाच्या आडव्या छेदाच्या असतात, कारण उभ्या तंतूंच्या टोकांवर घाव बसला तर ते टिकतात आणि तंतूंच्या कुशीवर बसला तर सोलवटतात. डोक्यातले भोक वर रुंद आणि खाली अरुंद असते; दांडाही वरच्या टोकाला जाड असतो आणि तो वरून आत सोडायचा असतो. मग मोगरी फिरवली की डोके बाहेरच्या दिशेला जाऊ पाहते आणि दांड्यावर अधिकच घट्ट बसते. खिळा, पाचर, गोंद काहीच लागत नाही. पावसाळ्यानंतर लाकूड आकसून डोके ढिले झाले तर मोगरी उलटी धरून दांड्याचे वरचे टोक जमिनीवर आपटले की काम झाले. अशी मोगरी करायला लागतात करवत, पटाशी, रंधा आणि बाभळीचा किंवा चिंचेचा एक चांगला सुकलेला तुकडा. चिंचेचे लाकूड तंतूंच्या गुंतागुंतीमुळे फाटायला चिवट असते. त्यामुळे रंध्याखाली ते त्रास देते, पण मोगरीच्या डोक्याला तोच गुण उपयोगी पडतो. कोरीव काम करणाऱ्याची मोगरी मात्र गोल असते, कारण त्याची नजर पटाशीच्या धारेवर असते आणि मोगरी कोणत्या बाजूने हातात आली हे पाहायला त्याला सवड नसते. गोल मोगरीत घाव तंतूंच्या कुशीवर बसतात, म्हणून तिला फारच घट्ट लाकूड लागते. पाश्चात्त्य कारागीर त्यासाठी पाण्यात बुडणारे लिग्नम व्हायटी वापरत आले. त्या झाडांवर आता आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. आपल्या खानदेशातल्या अंजनाचे लाकूडही पाण्यात बुडण्याइतके जड असते. कोरीव कामाच्या मोगरीसाठी परदेशी लाकूड मागवण्यापूर्वी त्याचा एखादा तुकडा लेथवर चढवून पाहायला हवा.

इथे एक हरकत येते, आणि ती वजनदार आहे. जपानी सुतार पटाशीवर पोलादी हातोडीच मारतात. ज्या देशाचे लाकडी सांधे जगात सर्वांत काटेकोर मानले जातात, तिथे पटाशीवर मोगरीऐवजी पोलादी हातोडी सर्रास चालते. मग मुठीचे तंतू, धडकेचा कालावधी हे सगळे खोटे ठरत नाही का? ठरत नाही, कारण जपानी कारागिराने पोलादी घाव सोसेल अशी मूठच तयार केलेली असते. तिथल्या ठोकायच्या पटाशीच्या ओकच्या मुठीला माथ्याजवळ लोखंडी कडे असते. पटाशी नवी आणली की ती तशीच वापरत नाहीत. कडे काढायचे, आतली धार घासायची, मुठीचे टोक ठोकून थोडे दाबायचे, कडे माथ्याच्या किंचित खाली बसवायचे आणि वर उरलेले तंतू ठोकून कड्यावर वळवायचे, एवढे काम घेणाऱ्याने स्वतः करायचे असते. मग घाव कड्यावर न बसता दाबलेल्या तंतूंवर बसतो आणि मूठ चिरत नाही. म्हणजे युरोपीय सुताराने घाव सौम्य केला आणि जपानी सुताराने मूठ कणखर केली. दोन्ही रीती चालतात. चालत नाही ती अधलीमधली रीत: बिनकड्याच्या मुठीची पटाशी आणि तिच्यावर दुकानातली पोलादी हातोडी. आपल्याकडच्या असंख्य कामांवर नेमकी हीच जोडी दिसते, आणि फाटलेल्या मुठींना मग सुतळी किंवा चिकटपट्टी गुंडाळलेली दिसते. कोणती परंपरा श्रेष्ठ या वादात वेळ घालवण्यापेक्षा आपल्या पटाशीच्या मुठीला कडे आहे की नाही ते पाहावे आणि त्यानुसार हातोडी किंवा मोगरी ठरवावी.

जपानी हातोडीबद्दल आणखी थोडे सांगायला हवे, कारण माझ्या मुद्द्याचा सर्वांत बळकट पुरावा तिथे आहे. तिला ‘गेन्नो’ म्हणतात. हे नाव एका बौद्ध भिक्षूचे असल्याचे सांगतात. नासूच्या डोंगरातली एक शापित शिळा त्याने हातोडीने फोडली अशी आख्यायिका आहे. (ती शिळा म्हणून दाखवला जाणारा खडक मार्च २०२२मध्ये दुभंगलेला आढळला, तेव्हा जपानी वर्तमानपत्रांना ती मोठी बातमी वाटली होती.) गेन्नोच्या डोक्याला दोन तोंडे असतात. एक सपाट, पटाशीवर आणि खिळ्यावर मारण्यासाठी. दुसरे किंचित फुगीर, खिळ्याचा शेवटचा घाव घालण्यासाठी, म्हणजे लाकडावर कडेचा ठसा उमटत नाही. वजन अजूनही जुन्या ‘मोम्मे’ या मापात सांगतात. एक मोम्मे म्हणजे पावणेचार ग्रॅम, त्यामुळे १०० मोम्मेचे डोके ३७५ ग्रॅमचे होते. पण खरी गोष्ट पुढे आहे. चांगल्या लोहाराने घडवलेले डोके बिनदांड्याचे विकले जाते आणि दांडा सुतार स्वतः करतो. नेढे, म्हणजे डोक्यातले दांड्याचे भोक, आतून काटेकोर चौकोनी आणि गुळगुळीत असते. दांड्याचे टोक नेढ्यापेक्षा किंचित मोठे ठेवतात, मग दुसऱ्या हातोडीने ते चारी बाजूंनी हलके ठोकून तंतू दाबतात आणि तसेच नेढ्यात घालतात. आत गेल्यावर हवेतल्या ओलाव्याने तंतू पुन्हा फुगतात आणि डोके पकडून ठेवतात. पाचर नाही. ज्या कारागिराला असा दांडा बसवता येतो त्याचे हात इतर सांध्यांतही तितकेच काटेकोर चालतात, अशी तिथली समजूत आहे आणि ती रास्त वाटते, कारण नेढ्यातला दांडा हा कूस-खाचेचा सांधाच आहे. प्रत्येक घावाला हिसका सोसणारा हा सांधा सुताराच्या हातात रोज असतो.

हा सांधा निसटला तर काय होते हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या ग्रंथात, रानात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून सोबतीला लागले आणि तो मेला तर मारणाऱ्याने आश्रयनगरात पळून जावे, असा नियमच आहे. म्हणजे हा अपघात कायद्यात दाखल होण्याइतका नेहमीचा होता. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्विच गावच्या डेव्हिड मेडोल या लोहाराने १८४०च्या सुमारास त्यावर उपाय काढला. तोवरच्या हातोड्यांचे नेढे उथळ असे, दांड्याला पकड कमी मिळे आणि डोके उडे. मेडोलने डोक्याला खाली मानेसारखा भाग वाढवून नेढे खोल केले. एका सुताराने त्याच्याकडून हातोडी करून घेतली, ती पाहून त्याचे सोबती आले, मग कंत्राटदार आला, आणि पुढे त्या गावात मोठा कारखाना उभा राहिला. आजच्या चांगल्या डोक्यात नेढे मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांशी रुंद असते. दांडा खालून घट्ट जातो आणि वरून पाचर मारली की वरच्या रुंद भागात फाकून अडकतो. डोके घेताना नेढ्यातून आरपार पाहावे. ते एका बाजूला कललेले असेल, आत ओतकामाचे ओरखडे असतील किंवा ते सरळ नळीसारखे असेल, तर ते डोके कितीही चकचकीत असले तरी परत ठेवावे. भारतीय मानक ब्युरोनेही पोलादी हातोड्यांसाठी आयएस ८४१ आणि अवजारांच्या लाकडी दांड्यांसाठी आयएस ६२० अशी दोन वेगळी मानके केली आहेत. डोके आणि दांडा या दोन निराळ्या वस्तू आहेत आणि त्यांची पारखही निराळी आहे, हे मानके लिहिणाऱ्यांना मान्य आहे.

दांड्याच्या लाकडाबद्दल आपल्याकडे ज्ञान कमी नाही, ते वापरात कमी आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत भारतीय लाकडांच्या ताकदीच्या चाचण्या अनेक दशके चालल्या. सागाला प्रत्येक गुणात १०० धरायचे आणि बाकीची लाकडे त्याच्या तुलनेत मोजायची, ही तिथली पद्धत. व्ही. डी. लिमये यांनी या चाचण्यांवरून भारतीय लाकडांची गुणांनुसार आणि उपयोगांनुसार केलेली वर्गवारी १९५४ साली प्रसिद्ध झाली. त्या कामाचा आधार आजही घेतला जातो. या पद्धतीचा मोठा लाभ असा की ती ‘चांगले लाकूड’ असे काही मानत नाही. कशासाठी चांगले, हे विचारते. साग फर्निचरला उत्तम, कारण तो वाकत-मुरगळत नाही. पण अचानक बसणारा धक्का सोसण्यात तो मोठा नाही, आणि दांड्याला नेमके तेच लागते. तिथे सह्याद्रीतली धामण, माळावरची बाभूळ, डोंगरातला धावडा ही लाकडे पुढे जातात. धामणीची लवचिकता तर जुनी प्रसिद्ध. तिच्या काठ्या, गाडीचे जू-दांड्या आणि अवजारांचे दांडे पिढ्यान्‌पिढ्या होत आले. खेड्यातला सुतार दांड्यासाठी घरात सागाचे तुकडे पडलेले असतानाही बाभळीचे फाटे शोधत हिंडे, त्यामागे हेच शहाणपण होते.

लाकडाची जात ठरली तरी तुकडा निवडायचा राहतो. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या वन-उत्पादन प्रयोगशाळेचा एक जुना निष्कर्ष इथे फार कामाचा आहे. हिकरीच्या दांड्यांच्या बाजारात पांढऱ्या लाकडाला, म्हणजे सालीकडच्या भागाला, जास्त भाव मिळे आणि गाभ्याचे तांबूस लाकूड दुय्यम समजत. चाचण्यांत दिसले की सारख्या वजनाचे तांबडे आणि पांढरे लाकूड सारखेच भक्कम असते. रंगाने फरक पडत नव्हता, घनतेने पडत होता. म्हणून दुकानात दहा दांडे पडले असतील तर रंग आणि गुळगुळीतपणा विसरून सारख्या मापातला सर्वांत जड दांडा उचलावा. मग तंतूंच्या रेषा पाहाव्यात. त्या टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच दांड्याच्या बाहेर निघून जाणारी रेषा म्हणजे उद्याची फट. करवतीने कापलेल्यापेक्षा रेषेवर फोडून काढलेला तुकडा भरवशाचा, कारण फोडताना लाकूड स्वतःच आपली वाट दाखवते. गाठ नको, किडीचे भोक नको, आणि ओलेपणा तर नकोच. कोकणात श्रावणात बसवलेला दांडा वैशाखात ढिला होतो, कारण लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही पण जाडीत आकसते. ढिली हातोडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची सवय सगळीकडे आहे आणि ती घातक आहे. पाण्याने तंतू फुगतात, पण चारी बाजूंनी पोलाद असल्याने त्यांना फुगायला जागा नसते, म्हणून ते आतल्या आत चेपले जातात. वाळल्यावर दांडा आधीपेक्षाही बारीक होतो आणि डोके अधिक ढिले. पाण्याऐवजी दांड्याचे वरचे टोक अळशीच्या तेलात काही दिवस बुडवावे, पाचर बदलावी. तेही जमत नसेल तर दांडाच नवा करावा.

आता लांबी-जाडी. बाजारातला दांडा साधारण तेरा इंच लांब असतो, कारण तो उभ्याने, खांद्यातून हात फिरवून खिळे ठोकणाऱ्या माणसासाठी आखलेला आहे. आपला परंपरागत सुतार जमिनीवर बसतो, लाकूड पायाने धरतो आणि घाव कोपरातून किंवा मनगटातून घालतो. त्याच्या हातात हा लांब दांडा मध्येच धरला जातो, आणि मग शिकवणारा त्याला ओरडतो की दांडा शेवटी धर. माझ्या मते इथे शिकणारा बरोबर असतो. मध्ये धरलेला दांडा ही तक्रार आहे: दांडा लांब आहे किंवा डोके जड आहे. खाली उरलेला तुकडा नुसता नडतो, तोल बिघडवतो. जपानी सुतारांची एक ढोबळ प्रथा आहे की डोके मुठीत धरले असता दांड्याचे टोक कोपराच्या खळगीपर्यंत यावे. ही मोजणी इंचांत नसून ज्याच्या त्याच्या हातात आहे, म्हणून ती पटते. जाडीचेही तसेच. मूठ मिटल्यावर बोटांची टोके अंगठ्याच्या गादीला जेमतेम भिडावीत; त्याहून जाड दांडा धरायला जास्त जोर लागतो आणि पंजा लवकर थकतो. सुतारकामात येणाऱ्या मुलींना ‘हातोडी झेपत नाही’ असे सहज सांगितले जाते. बहुतेक वेळा त्यांना न झेपणारी गोष्ट डोके नसून दुसऱ्याच कोणाच्या पंजाच्या मापाचा दांडा असतो. तो तासून दिला तर हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. दांड्याचा छेद लंबगोल ठेवावा, म्हणजे डोक्याचे तोंड कुठे आहे हे न पाहता हाताला कळते.

दांडा बारीक करण्यामागे आणखी एक कारण आहे, ते घावानंतर हाताला येणाऱ्या झिणझिण्यांचे. एका टोकाला धरून फिरवलेल्या कोणत्याही वस्तूत एक असा बिंदू असतो, की तिथेच घाव बसला तर धरलेल्या हाताला हिसका बसत नाही. सगळीकडे सारख्या जाडीच्या काठीत तो मुठीपासून दोन तृतीयांश अंतरावर असतो. टोकाला जड डोके बसवले की तो डोक्याकडे सरकतो. दांडा जितका हलका, तितका तो डोक्याच्या जवळ. म्हणून डोक्याखालचा दांडा रंध्याने किंवा काचेच्या तुकड्याने खरवडून थोडा निमुळता केला, की वजन डोक्याकडे जाते, तो बिंदू मारत्या तोंडाच्या रेषेत येतो आणि निमुळता भाग किंचित लवून उरलेला हादरा खातो. त्याच काचेच्या तुकड्याने कारखान्याचे वॉर्निशही काढून टाकावे. वॉर्निशवर घाम साचतो, हात घसरतो आणि फोड येतात. उघड्या लाकडावर अळशीचे तेल चोळले की पकड बसते आणि वापराने ती सुधारत जाते.

तोंडाबद्दल थोडक्यात. नव्या हातोडीचे तोंड अनेकदा सपाट आणि कडा धारदार असतात; अशा तोंडाने तिरका घाव गेला की लाकडावर चंद्रकोरीसारखी खूण उठते आणि ती रंध्याशिवाय जात नाही. बारीक पॉलिश कागदावर तोंड गोल फिरवत अगदी थोडा फुगवटा आणावा आणि कडा मोडावी. ग्राइंडरवर मात्र हे करू नये, कारण तापून पोलाद निळे पडले की त्याचे पाणी उतरते आणि तोंड मऊ होते. दोन हातोड्यांची तोंडे एकमेकींवर कधीही आपटू नयेत. कठीण पोलादाची कपची डोळ्यात जाते.

आता उरलेल्या हरकती. पहिली अशी की फायबरग्लासचा किंवा अखंड पोलादी दांडा कधी मोडत नाही, सुकत नाही, डोके उडत नाही. मग लाकडाचा हट्ट का? अमेरिकेत रॉकफर्डच्या एस्टविंग कंपनीने १९२०च्या दशकापासून एकसंध पोलादी हातोड्या बनवल्या आणि त्या खरोखर टिकाऊ आहेत. छप्पर ठोकणाऱ्याने, साचे उखडणाऱ्याने त्या घ्याव्यात. पण अशा हातोडीची लांबी, जाडी, तोल यांतले काहीच वापरणाऱ्याला बदलता येत नाही, आणि हादरा खाण्यात लाकूड पोलादापेक्षा सरस आहे. दिवसभर पटाशी चालवणाऱ्याला न मोडण्यापेक्षा न थकण्याची गरज जास्त असते. लाकडी दांडा मोडतो हे खरे, पण तो अर्ध्या दिवसात बदलता येतो.

दुसरी हरकत आपल्या मातीतली आहे. जुने सुतार लाकूड तासायच्या वाकसाच्या पाठीनेच खिळे ठोकत, पटाशी हाणत. त्यांनी कोणती खास हातोडी घेतली होती? वाडे उभे राहिलेच ना? हा दाखला मला उलट माझ्याच बाजूचा वाटतो. वाकस ही अशी एक वस्तू होती की जिचे पाते लोहाराने घडवायचे आणि दांडा सुताराने आपल्या हाताच्या मापाने, आपल्या कोनाने, आपल्या निवडीच्या लाकडातून घालायचा. बलुतेदारीतली लोहार-सुताराची वाटणीच तशी होती, आणि गावातल्या कुऱ्हाडी, कुदळी, खुरपी सगळ्यांचे दांडे सुताराकडूनच जात. त्याला एकच अवजार पुरले, कारण ते पूर्णपणे त्याचे होते. सगळ्यांसाठी तयार केलेल्या हातोडीशी त्याची तुलना होत नाही.

तिसरी हरकत: आता हवेच्या बंदुकीने खिळे मारतात, प्लायवूडला स्क्रू आणि फेविकॉल पुरतो, सांधे यंत्रावर निघतात, हातोडीची गरजच काय? नव्या घरांच्या कपाटांपुरते हे बरोबर आहे. परंतु बिजागरीची खाच, कुलपाचा खण, दाराची चौकट, जुन्या खुर्चीचा निसटलेला सांधा, देवघराचे कोरीव काम, ही कामे कोणत्याही बंदुकीने होत नाहीत, आणि नेमक्या याच कामांना आज चांगला माणूस मिळत नाही. जी कामे यंत्राने उचलली ती गेली. जी उरली ती सगळी नाजूक आहेत आणि त्यांना साधी हातोडी पुरत नाही. चौथी हरकत मजुरीची आहे: रोजंदारीवरच्या माणसाला दांडा तासत बसायला वेळ कुठून मिळणार? ही हरकत मी सर्वांत गंभीर मानतो. अर्धा दिवस म्हणजे अर्धा रोज. पण ती दांड्याविरुद्धची हरकत नसून मजुरी देणाऱ्याविरुद्धची आहे. करवतीला धार लावायचा वेळ कामात धरला जातो, तसाच अवजार बसवायचाही धरला पाहिजे. आणि तसाही एक दांडा पुढची काही वर्षे चालतो.

म्हणून मागणी साधी आहे. सुतारकाम शिकवणाऱ्या आयटीआयने मुलांना सांध्यांचे नमुने करायला लावण्यापूर्वी स्वतःच्या हाताच्या मापाची एक मोगरी आणि एक दांडा करायला लावावा. त्यातच रेषा, उतार, कूस, खाच, पाचर आणि ओलावा हे सगळे धडे येतात, आणि केलेली वस्तू कपाटात न ठेवता पुढे वापरता येते. हार्डवेअरच्या दुकानदारांनी हातोडीची चांगली डोकी बिनदांड्याची ठेवावीत आणि शेजारी धामण-बाभळीचे सुकवलेले, फोडून काढलेले तुकडे ठेवावेत. कुऱ्हाडीचे दांडे आठवडी बाजारात आजही असेच विकले जातात, तेव्हा हे अशक्य नाही. आणि लाकडावर काम करणाऱ्या वाचकाने, मग तो रोजंदारीवरचा असो की रविवारच्या हौसेचा, पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर ग्रॅम सांगण्याआधी नुसते डोके मागावे आणि त्याचे नेढे उजेडात धरून पाहावे.